राज्याभिषेक ते पानिपत, अंतर बोटभर? इतिहासाची टाइमलाइन ‘मोजून’ काढणारं लाटेक नेमकं काय करतं

मराठ्यांच्या इतिहासाची टाइमलाइन तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी आली असेल. भगवी पट्टी आणि तिच्यावर चार गोल. पहिल्या गोलावर राज्याभिषेक, १६७४. दुसऱ्यावर शिवाजी महाराजांचं निधन, १६८०. तिसऱ्यावर पानिपत, १७६१. चौथ्यावर पेशवाईचा शेवट, १८१८. चारही गोल एकमेकांपासून सारख्या अंतरावर. दिसायला छान, शेअर करायला सोपं.

आता या गोलांमधली वर्षं मोजा. पहिल्या दोन गोलांमध्ये ६ वर्षं आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये ८१. शेवटच्या दोघांमध्ये ५७. चित्रात मात्र तिन्ही अंतरं बोटभरच. संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाई, शाहू महाराज, बाळाजी विश्वनाथ, पहिला बाजीराव, एवढी सगळी माणसं ज्या ८१ वर्षांत होऊन गेली, त्या काळाला या पट्टीवर रायगडावरच्या सहा वर्षांइतकीच जागा मिळाली. एकही तारीख चुकलेली नाही, तरी चित्र खोटं बोलतंय.

हेच चित्र मोजून काढलं तर? समजा, १६३० ते १८१८ हा १८८ वर्षांचा काळ १५ सेंटीमीटरच्या रेघेवर बसवायचाय. एका वर्षाच्या वाट्याला साधारण ०.८ मिलीमीटर येतात. मग राज्याभिषेक ते महाराजांचं निधन हे अंतर जेमतेम अर्धा सेंटीमीटर होतं आणि तिथून पानिपत साडेसहा सेंटीमीटर लांब जातं. हे डोळ्यांना दिसलं, की डोक्यातला इतिहास थोडा हलतो.

अशी मोजून काढलेली टाइमलाइन बनवण्यासाठी जगभरातले संशोधक आणि विद्यार्थी एक मोफत, जुनी आणि काहीशी खडूस व्यवस्था वापरतात. तिचं नाव लाटेक. (रबराचं लेटेक्स वेगळं. गुगलवर शोधताना पहिले काही रिझल्ट हातमोज्यांचे आले तर दचकू नका.)

सारखा काळ, सारखी जागा

काळाला मोजपट्टी लावायची ही कल्पना कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समध्ये १७५३ साली जाक बार्ब्यू-द्युबूर यांनी जगाच्या इतिहासाचा एक तक्ता काढला. तो तब्बल ५४ फूट लांब होता! एवढा कागद भिंतीवर कोण लावणार? म्हणून तो दोन दांड्यांवर गुंडाळलेला असायचा आणि हँडल फिरवून पुढे-मागे सरकवायचा. आज आपण अंगठ्याने स्क्रोल करतो, तेव्हा दांडी फिरवायचे.

मग आले इंग्लंडचे जोसेफ प्रीस्टली. ऑक्सिजनच्या शोधासाठी शाळेच्या पुस्तकात ज्यांचं नाव येतं, तेच. १७६५ मध्ये त्यांनी ‘चार्ट ऑफ बायोग्राफी’ छापला. ख्रिस्तपूर्व १२०० ते इसवी सन १८०० असा ३ हजार वर्षांचा पट आणि त्यावर जवळपास २ हजार नामवंत माणसं, प्रत्येकाच्या आयुष्याची एक आडवी रेघ. माणूस जितकी वर्षं जगला तितकी लांब रेघ.

पण प्रीस्टलींची खरी हुशारी वेगळीच होती. ज्याच्या जन्माची किंवा मृत्यूची तारीख पक्की माहीत नाही, त्याच्या रेघेच्या टोकाला त्यांनी ठिपके दिले. म्हणजे ‘इथे आपल्याला खात्री नाही’ हे त्यांनी चित्रातच लिहून टाकलं. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी आजच्या बहुतेक इन्फोग्राफिकना हे जमलेलं नाही.

लाटेक आलं कुठून?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड कनूथ नावाचे प्राध्यापक होते. कॉम्प्युटर सायन्समधलं फार मोठं नाव. १९७७ मध्ये त्यांच्या एका पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आली आणि नव्या पद्धतीने केलेली गणिताची छपाई बघून त्यांचा मूडच गेला. दुसऱ्या कुणी प्रकाशकाला मेल टाकून विषय संपवला असता. कनूथ यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि स्वतःची अक्षरजुळणीची व्यवस्था लिहायला घेतली. तिचं नाव टेक. पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर सोपं आवरण चढवलं, तेच लाटेक.

वर्डमध्ये आपण माउसने वस्तू ओढतो. लाटेकमध्ये सूचना लिहितो. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ‘इथे शीर्षक, इथे तक्ता, इथे रेघ’ असं त्याच्या भाषेत लिहायचं, प्रोग्राम चालवायचा आणि पीडीएफ बाहेर येते. गणित आणि भौतिकशास्त्राचे शोधनिबंध बहुतांश असेच तयार होतात.

चित्रं काढण्यासाठी लाटेकला टिक्झ नावाची जोड मिळाली. ती जर्मनीच्या टिल टांटाउ यांनी बनवली. हे नाव जर्मन वाक्याच्या आद्याक्षरांचं आहे आणि त्या वाक्याचा अर्थ होतो, ‘टिक्झ हा चित्रं काढण्याचा प्रोग्राम नाही’. चित्रं काढणाऱ्या साधनाचं हे नाव! पण त्यात तथ्य आहे. टिक्झमध्ये ब्रश नाही की रंगाची बादली नाही. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ, इथे ठिपका दे, त्याच्या वर हे शब्द लिही, एवढंच सांगायचं. बिंदू सांगायचा आकड्यांत. आणि इतिहासाकडे आकडे आयते आहेत, म्हणजे साल.

ज्यांना सगळं हाताने लिहायचं नाही त्यांच्यासाठी ‘क्रोनोलॉजी’ आणि ‘क्रोनोसिस’ अशी तयार पॅकेजेस आहेत. सुरुवातीचं साल, शेवटचं साल आणि मधल्या घटना दिल्या की पट्टी तयार होते. एका दिवसाची घटना असेल तर ठिपका, काही वर्षं चाललेली असेल तर पट्टा.

पावणेसहा मीटरची भिंत

नवखा माणूस टिक्झमध्ये पहिल्यांदा टाइमलाइन काढतो तेव्हा काय होतं? तो विचार करतो, साल म्हणजेच जागा. म्हणून राज्याभिषेकाचा ठिपका थेट १६७४ वर ठेवतो. प्रोग्राम चालवतो. आणि लाल अक्षरात एरर येते, ‘डायमेन्शन टू लार्ज’. माप फार मोठं झालं.

कारण साधं आहे. टिक्झ काहीही न सांगता एक आकडा म्हणजे एक सेंटीमीटर धरतं. १६७४ सेंटीमीटर म्हणजे पावणेसतरा मीटर, जवळपास पाच मजली इमारतीची उंची. आणि टेकला पावणेसहा मीटरच्या पुढचं माप कळतच नाही.

ही मर्यादा कनूथ यांच्या मूळ रचनेत आहे. टेक सगळी मापं पूर्णांकांत मोजतं आणि त्याचं सर्वांत लहान एकक म्हणजे छपाईच्या एका पॉइंटचा ६५,५३६ वा भाग. हे एकक दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण शंभराव्या भागाइतकं आहे. एवढ्या बारीक मोजपट्टीवर जितके आकडे मावतात तेवढे मिळून १६,३८४ पॉइंट होतात, म्हणजे साधारण ५.७५ मीटर. पुस्तकाच्या पानासाठी ते भरपूर आहे. थेट इसवी सनाला सेंटीमीटर समजलात, तर नाही.

उपाय एका ओळीचा. सुरुवातीलाच सांगायचं, की आडव्या दिशेने एक आकडा म्हणजे ०.०८ सेंटीमीटर. मग १६७४ ची जागा १३४ सेंटीमीटरवर येते, जी टेकला चालते. ‘पण पान तर २१ सेंटीमीटरचंच आहे!’ काळजी नको. टिक्झ जेवढ्या भागात काही काढलंय तेवढाच भाग कापून पानावर ठेवतं. डावीकडचा सवा मीटर रिकामा काळ आपोआप गळून पडतो.

आणखी एक बारकावा. ठिपका नुसता १७७३ वर ठेवला तर तो १ जानेवारी १७७३ वर बसतो. नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. तो वर्षाचा २४२ वा दिवस. म्हणून त्याची खरी जागा १७७३.६६. ही आकडेमोड करून देणारी सोय क्रोनोलॉजी पॅकेजमध्ये आहे. दिवस, महिना, साल दिलं की दशांश तयार. माधवराव पेशवे गेले १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, म्हणजे १७७२.८८. दोन्ही घटनांमध्ये साडेनऊ महिनेही नाहीत. फक्त सालं वापरली तर ते पूर्ण एक वर्ष दिसतं.

आणि ज्यांना सातवाहनांपर्यंत मागे जायचंय त्यांच्यासाठी, इसवी सनात शून्य हे वर्ष नाही. ख्रिस्तपूर्व १ नंतर थेट इसवी सन १. टिक्झला ते माहीत नाही, ते मध्ये शून्य मोजणारच. उणे चिन्ह लावून ख्रिस्तपूर्व सालं दिली तर सगळी एका वर्षाने मागे सरकतात.

पेशवाईचा एक सेंटीमीटर

टाइमलाइन काढणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. इतिहास सारख्या गतीने घडत नाही. १६३० ते १८१८ च्या आपल्या १५ सेंटीमीटरच्या रेघेवर १७६१ ते १७७४ एवढाच तुकडा घ्या. त्याची लांबी भरते फक्त एक सेंटीमीटर. त्या एका सेंटीमीटरमध्ये काय काय आहे बघा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत. २३ जून १७६१ ला नानासाहेब पेशव्यांचं निधन. १७७२ मध्ये माधवरावांचं निधन. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून. एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म.

पाच घटना, एक सेंटीमीटर. ‘नारायणराव पेशव्यांचा खून’ एवढे शब्द लिहायलाच साडेतीन-चार सेंटीमीटर लागतात. अक्षरं एकमेकांवर चढतात आणि वाचता येत नाही.

मोबाइलच्या ॲपमध्ये माणूस काय करतो? ठिपके बोटाने थोडे इकडे-तिकडे सरकवतो. झालं, पट्टी पुन्हा खोटी. लाटेकमध्ये ठिपका हलवायचा मोहच होत नाही, कारण त्याची जागा सालावरून ठरलेली असते. हलवायचे ते शब्द. एक नाव रेघेच्या वर, पुढचं खाली, तिसरं आणखी उंच, आणि प्रत्येकापासून आपापल्या ठिपक्यापर्यंत बारीक रेघ. टिक्झमध्ये प्रत्येक नावाची उंची वेगळी देता येते.

याहून सोपा उपाय मात्र फार कमी लोक वापरतात. रेघ उभी करा. देवनागरीतली नावं लांब असतात आणि ती डावीकडून उजवीकडे वाचली जातात, त्यामुळे उभ्या रेघेच्या शेजारी ती निवांत बसतात. ए-फोर पानावर उभी २५ सेंटीमीटर जागा सहज मिळते. तिथे वर्षाला १.३३ मिलीमीटर येतात आणि आपला तो गजबजलेला तुकडा पावणेदोन सेंटीमीटरचा होतो. एका ओळीला ४ मिलीमीटर धरले तरी पाच ओळींना २ सेंटीमीटर पुरतात. थोडी सरकवासरकव केली की बसलं. तरीही दाटी झालीच तर तेवढ्या तेरा वर्षांची वेगळी, मोठी केलेली पट्टी बाजूला काढायची, नकाशात शहराचा भाग मोठा करून दाखवतात तशी.

तारीखच पक्की नसेल तर?

आता मुद्द्याचं. लाटेक आकडा मागतं. ‘साधारण’, ‘बहुधा’, ‘काहींच्या मते’ हे त्याला चालत नाही. आणि इतिहास तर अशा शब्दांनी भरलेला आहे.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांची जन्मतारीख. पूर्वी शके १५४९ च्या वैशाखातली, म्हणजे १६२७ ची तारीख प्रचलित होती. मग १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे शकाच्या क्रमाने लिहिलेली घटनांची नोंद, थोडक्यात आपली जुनी टाइमलाइनच. तिच्यात जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला दिलेला आहे. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख अधिकृत मानतं.

शके १५५१ मध्ये सरसकट ७८ मिळवले तर येतात १६२९. मग १६३० कुठून आलं? शक वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना, तोपर्यंत इंग्रजी साल बदललेलं असतं. म्हणून वर्षाच्या शेवटच्या भागात ७८ ऐवजी ७९ मिळवायचे. राज्याभिषेक झाला शके १५९६ च्या ज्येष्ठात, तिथे मात्र ७८ च, म्हणून १६७४. जुन्या कागदांवरून टाइमलाइन काढताना एका वर्षाची चूक बहुतेक वेळा इथेच होते.

गुंता इथे संपत नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्यूलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कॅलेंडरची आहे. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो. ६ जून १६७४ सुद्धा तशीच जुनी तारीख. इंग्रजांनी नवं कॅलेंडर स्वीकारलं थेट १७५२ मध्ये. पोर्तुगीज मात्र १५८२ पासूनच त्यावर होते. म्हणजे सतराव्या शतकातली एकच घटना इंग्रजांच्या पत्रात आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदात दहा दिवसांच्या फरकाने सापडू शकते, आणि दोघंही बरोबर असतात. पानिपतची १४ जानेवारी मात्र नव्या कॅलेंडरची.

यात मोजून चित्र काढण्याचा फायदा दिसतो. आपल्या रेघेवर दहा दिवस म्हणजे ०.०२ मिलीमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. पट्टीवर हा वाद दिसणारच नाही, तो तळटीपेत जाऊ दे. १६२७ की १६३० हा फरक मात्र सव्वादोन-अडीच मिलीमीटरचा आहे, तो स्पष्ट दिसतो. कुठल्या वादाने चित्र बदलतं आणि कुठल्या वादाने नाही, हे पट्टीच सांगून टाकते.

आणि जिथे खरंच खात्री नाही तिथे प्रीस्टलींची युक्ती आहेच. टिक्झमध्ये रेघ तुटक किंवा ठिपक्यांची करायला एक शब्द पुरतो. पट्ट्याचा रंग टोकाकडे विरळ होत जाईल असंही करता येतं.

काही निर्णय मात्र कुठलंच सॉफ्टवेअर घेत नाही. पेशव्यांच्या पट्ट्यांमध्ये रघुनाथरावांचं काय करायचं? नारायणरावांच्या खुनानंतर ते पेशवे झाले आणि लगेच बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध आघाडी उघडली. त्यांना इतरांसारखाच भरीव पट्टा द्यायचा, की तिरप्या रेघा मारलेला? १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले आणि दुसऱ्या बाजीरावाला वस्त्रं मिळाली १७९६ च्या डिसेंबरमध्ये. मधलं वर्षभर गादीसाठी ओढाताण चालली होती. ते पांढरं सोडायचं का? यादीत अशी जागा लपून जाते. पट्टीवर ती भोकासारखी दिसते आणि वाचणारा विचारतोच, इथे काय झालं होतं?

मराठीत जमतं का?

जमतं, पण एक काळजी घ्यायची. जुन्या टेकला देवनागरी येत नव्हती. १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी रोमन लिपीत टाइप करून देवनागरी छापण्याची सोय केली. आता ते करावं लागत नाही. झीलाटेक किंवा लुआलाटेक हे प्रकार वापरले की युनिकोड मराठी सरळ टाइप करता येते आणि जोडाक्षरं नीट बसतात. आयआयटी मुंबईने काढलेला ‘शोभिका’ हा मोफत फाँट अशा कामाला चांगला आहे. फाँटची भाषा म्हणून मराठी निवडायला विसरू नका. काही फाँट त्यावरूनच ठरवतात की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे छापायचे की हिंदी.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी अडवते. ठिपक्याच्या जागेसाठी १६७४ हा आकडा इंग्रजी अंकांतच द्यावा लागतो, कारण टेकला देवनागरी अंकांची बेरीज-वजाबाकी येत नाही. नावात, म्हणजे वाचणाऱ्याला जे दिसणार तिथे, देवनागरी अंक बिनधास्त लिहा.

हे सगळं शिकायला वेळ लागतो, खोटं कशाला सांगायचं. शाळेच्या कार्यक्रमाचा बॅनर किंवा एक इन्स्टा पोस्ट करायची असेल तर कॅनव्हा पुरे, फक्त गोलांमधली अंतरं मोजून ठेवा. पण प्रबंध असेल, पुस्तक असेल, गावाच्या किंवा घराण्याच्या इतिहासाचं काम असेल, तर लाटेकची मेहनत भरून निघते. नवा कागद सापडला आणि साल बदललं, तर फाइलमधला एक आकडा बदलायचा. ठिपका, रेघ, नाव सगळं स्वतःहून नव्या जागी जातं. फाइल साधी टेक्स्ट असल्यामुळे कोणता आकडा कधी बदलला याची नोंदही गिटसारख्या साधनात राहते.

इन्स्टॉल करायचा कंटाळा असेल तर ओव्हरलीफ ही वेबसाइट ब्राउझरमध्येच लाटेक चालवते, मोफत खातं पुरतं. तिथे नवीन प्रोजेक्ट उघडा, मेनूमधून कंपायलर झीलाटेकवर करा आणि पहिली पट्टी स्वतःच्या घरची काढा. आजोबांचा जन्म, गाव सोडलं ते साल, आईवडिलांचं लग्न, तुमचा जन्म. आजोबांच्या जन्माची तारीख बहुतेक शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली असेल. तिथे ठिपक्यांची रेघ द्या.